जळक्या डोंगरावरचा पतंग

खंडाळा, फाल्गुन

ती. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरी आहे. हाताला थोडा चटका बसलाय, पण ते आईला सांगू नका. तिचा खोकला थांबला का?

मागच्या आठवड्यात इथला डोंगर पेटला. आम्ही वनरक्षक ओल्या फांद्यांनी झोडपत राहिलो, तरी वरचं रान गेलंच.

इथं मोईच्या झाडांवर चंद्रपतंग असतो, पोपटी, तळहाताएवढा. त्याचे कोष पानांत गुंडाळलेले असतात आणि पानगळीत बहुतेक खाली पडतात. शिमग्याच्या सुमारास काही पतंग निघू लागतात. त्यांना खायला तोंडच नसतं, जेमतेम आठवडाभर जगतात. मादी कोषापाशीच बसून राहते, तिच्या वासावर नर लांबून येतो.

काल उंच फांदीवरच्या कोषातून एक मादी निघालेली दिसली. आज सकाळीही ती एकटीच होती. खाली पडलेले डोंगरभरचे कोष राख झालेत, येणार कोण? तिनं तशीच अंडी घातलीत. ती फुटायची नाहीत.

आग खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या रखमाजीआबांनी लावली होती. "पोरी, दरसाल लावतो, गवत लय चांगलं येतं. यंदा वारंच फिरलं," म्हणाले. विझवायलाही तेच पुढं धावले. दोन्ही हात भाजलेत. पट्ट्या बांधलेले ते हात त्यांनी माझ्यापुढं जोडले, आणि मी त्यांच्यावर गुन्हा दाखल केला.

अण्णा, यंदा आपल्या टेकडीला काडी लावू नका. मी सुट्टी काढून येते, गवत विळ्यानं कापू.

तिकडची वनरक्षकही कुणाची तरी लेकच असेल.

तुमची,
प्रेरणा