ईडा बेलचा हुंदका

लॉस्ट फोर्क, केंटकी
मक्याची कापणी संपली, तो आठवडा

तीर्थरूप ओझेलाताईस,

धाकट्या व्हर्लिनचा टोपी काढून नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत, त्याहून जास्त खुशाली विचारू नकोस. माझ्या लर्लीनचा गुडघा पाऊस येणार असला की दुखतो, आणि येऊन गेला की आणखी दुखतो. क्लीटदाजींची पाठ कशी आहे? कारखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना वाकायला बंदी केली असं तू कळवलं होतंस. ते वाचून लर्लीन म्हणाली, लग्न झाल्यापासून ते कधी वाकले होते? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच तर लर्लीनचं नाव सांग, मी गप्प होतो.)

पत्रास कारण की, रॅन्सम नोबलच्या न्हावी-दुकानात दर रविवारी चर्च सुटल्यावर भरणारी आमची जुन्या तबकड्यांची बैठक मोडली. बैठकीत माणसं तीन. त्यांत दोन तट पडले आणि उरलेला तिसरा मी. रॅन्सम अध्यक्ष, कारण चावीचा ग्रामोफोन त्याच्या वडिलांपासून त्याच्याकडे. एस्टिल कूम्ब्स मास्तर विद्वान, कारण शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांनी शिकवायचं सोडलेलं नाही. आणि मी श्रोता, कारण कुणीतरी असावा लागतो. नियम कडक होते. मयतीखेरीज तबकडी दुकानाबाहेर न्यायची नाही. विजेच्या नव्या यंत्रावर लावायची नाही (त्याची सुई जुन्या गाण्याला बोचते, असं रॅन्समचं म्हणणं). आणि गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. एकदा रॅन्समच्या पाईपमधली ठिणगी मास्तरांच्या बाहीवर पडली, तर मास्तर कडवं संपेपर्यंत जळत बसले होते.

सगळ्या तबकड्यांत आमचं दैवत एकच: ईडा बेल टॅकेट. तुला सांगायला नको, आपल्या खोऱ्यात तिच्या गाण्याशिवाय कुणाची माती झालेली नाही. तरुणपणी ती शहरात गेली, हॉटेलच्या एका खोलीत यंत्रासमोर उभं राहून दोन गाणी गायली, डोंगरात परत आली आणि पुन्हा म्हणून कुठं ऐकू आली नाही. त्यातल्या आमच्या गाण्याचं पहिलं कडवं सुईनं खाऊन टाकलंय, तिथं नुसती खरखर. मग तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा जड, संथ आवाज: तो गेला, नदीकडे गेला, दार मी उघडं ठेवलं. आणि तिसऱ्या कडव्यात आवाज अडखळतो, एक हुंदका येतो. त्या हुंदक्यावर आम्ही आयुष्य काढलं, ताई. रॅन्सम म्हणायचा, तिचा नवरा नावाडी होता, पुरात गेला. मास्तर म्हणायचे, शिपाई होता, लढाईत गेला. गाणं इतकं संथ का, याचंही उत्तर मास्तरांकडे होतं: पूर्वी माणसांना वेळ होता.

तर गेल्या महिन्यात पेंड विकणारा माणूस दाढी करायला आला आणि साबण लावलेल्या तोंडानं म्हणाला, ‘ईडा बेल म्हातारी? परवाच तिला कोंबड्यांचं खाद्य देऊन आलो की!’ डोंगरापलीकडे पुतणीच्या घरी राहते म्हणे. आम्ही दर वर्षी तिची पुण्यतिथी करत होतो (तारीख मास्तरांनी काढली होती). रॅन्समला तर ती जिवंत आहे याचा रागच आला. पण दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि ठरलं की जाऊन तिचा सत्कार करायचा. लर्लीननं गोधडी दिली, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक दिला, आणि ‘म्हातारीला जास्त वेळ छळू नका’ असा सल्ला दिला.

शनिवारी निघालो. नियम मोडून ग्रामोफोन रॅन्समच्या ट्रकमध्ये, त्याचा कर्णा माझ्या मांडीवर, तबकडी गोधडीत, आणि केक मास्तरांच्या हाती. मास्तर वाटेत भाषणाची तालीम करत होते. ओढा ओलांडताना ट्रक दगडावर चढला, मास्तर उडाले, केक त्यांच्याहून जरा वर उडाला, आणि खाली येताना दोघांची जागा बदलली. मास्तर केकवर बसले. तबकडीला काही झालं नाही हे पाहून रॅन्सम म्हणाला, ‘देवाची कृपा.’ मास्तर विजारीवरची सफरचंदं खरवडत होते.

घरात शिरलो तर बाई टीव्हीवर कुस्ती बघत होत्या. एवढीशी म्हातारी, ओठाखाली तपकीर, तोंडात दात नाहीत. मास्तरांनी पाठ दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून भाषण सुरू केलं: ‘आदरणीय बाई, ज्या स्वरानं आमच्या पिढ्यांना रडवलं...’

‘मेल्या, बस खाली! तो लाल चड्डीवाला हरतोय!’

लाल चड्डीवाला हरला. मग बाई आमच्याकडे वळल्या. रॅन्समनं चावी दिली, सुई टेकवली, आम्ही टोप्या काढल्या. खरखर झाली, आवाज सुरू झाला. बाईंनी कान पुढं केला, मग भुवया उडवल्या.

‘हे कोणाचं मेंढरू रडतंय?’

‘बाई, हा तुमचाच आवाज.’

‘माझा? मी काय बैल होते का रे? तुझं यंत्र पेंगतंय, बाबा. पळव त्याला!’

रॅन्सम हलेना. पुतणीनंच कडेचा स्क्रू केसातल्या पिनेनं पिळला (तो स्क्रू कशाचा आहे हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं), आणि ताई, काय सांगू! कर्ण्यातून एक पोरगी बाहेर आली. उड्या मारत. बँजो तिच्या मागं धावतोय, आणि ती खट्याळ, ठसक्यात गातेय. बाईंचा पाय जमिनीवर ताल धरू लागला. तिसरं कडवं आलं, हुंदका आला, आणि बाई खो खो हसायला लागल्या.

‘उचकी! खाली जेवणाची घंटा झाली होती, मी मुरवलेली अंडी घाईनं गिळून वर आले होते. तो यंत्रवाला म्हणाला, आवाज कोरायचं मेण संपत आलंय, थांबू नका.’

मास्तरांनी हळूच, एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, ‘आणि तो नदीकडे गेलेला... शिपाई होता का?’

‘नावाडी,’ रॅन्सम म्हणाला.

‘कोण नावाडी? आमचा बोका!’

पहिलं कडवं त्यांनी तिथंच गाऊन दाखवलं. बोक्याचं वर्णन आहे सगळं, शेपटीसकट. नदीकाठच्या गिरणीवाल्याच्या मांजरीवर त्याचं मन बसलं होतं, म्हणून हिनं दार उघडं ठेवलं होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं लॉस्ट फोर्कमधल्या प्रत्येक शवपेटीवर आपण एका उनाड बोक्याचं गाणं वाजवत आलो आहोत. पाद्रीबाबांनी तर उघड्या दारावर प्रवचनही केलंय.

बाईंचं गाऊन झाल्यावर मी उठून अंगणात गेलो. कारण ती चाल मी आधी ऐकली होती. ताई, आठव. आई लोणी घुसळताना हीच चाल गुणगुणायची. अशीच भरभर, उड्या मारत. आणि आपण दोघं तिला ओरडायचो, आई, चुकतेयस, ते रडायचं गाणं आहे, हळू म्हण. ती आपली गालात हसायची. मी परत आत जाऊन बाईंना आईचं माहेरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘व्हेसा? अरे, मी शहरात जायच्या आधी डोंगरातल्या प्रत्येक जत्रेत पुढं बसायची. बोक्याच्या शेपटीवर सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती.’

आणि बाबांच्या मातीचा दिवस आठव. रॅन्समच्या बापानं ग्रामोफोन टेकडीवर आणला होता, गाणं लागलं, आणि आई रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होती. तू मला म्हणालीस, व्हर्लिन, तिला धर, ती कोसळेल. मी धरलं. ती माझ्या दंडाला घट्ट धरून हलतच राहिली. आता मला कळत नाही ती रडत होती की हसत होती. बहुतेक दोन्ही. पण एवढं खरं, की तिला सगळं ठाऊक होतं, आणि साऱ्या खोऱ्याला मनसोक्त रडता यावं म्हणून ती जन्मभर एक अक्षर बोलली नाही. ट्रकमध्ये परत येताना कर्ण्यात तोंड घालून मी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांना वाटलं, मी कर्णा पुसतोय.

तेव्हापासून बैठकीत दंगा आहे. मास्तर म्हणतात, सत्य ते सत्य, तबकडी खऱ्या वेगानंच लागली पाहिजे. (त्यांनी ‘डोंगरी गाण्यातील मार्जार’ असा नवा निबंधही घेतलाय लिहायला.) रॅन्समनं स्क्रू पुन्हा ढिला केला आणि वर मेण ओतलं. म्हणाला, ‘माझी मेबल गेली तेव्हा मी ह्या वेगावर रडलोय. मास्तर, तुमच्या सत्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून रडू का?’ मास्तर तरीही हटले नाहीत. दाढी वाढवून बसलेत. मी दोघांकडे जातो. रॅन्समकडे हळू ऐकतो तेव्हा नावाडी दिसतो, अजून दिसतो. आणि घरी जळण फोडताना भरभर गुणगुणतो तेव्हा आई दिसते. ह्यातलं एक निवड असं म्हणणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. : मास्तर ईडा बेलबाईंचं गाणं टेप करणार आहेत. बाई तयार आहेत, पण म्हणतात, दातांशिवाय गाणार नाही, शब्द सांडतात. दाजींचे बंधू तिथं तुमच्या डेटनलाच कवळ्या बनवतात, हे मला अचानक आठवलं.

ता. क. दुसरा : कवळी होईपर्यंत बाई तुझ्याकडे राहिल्या तर तुला सोबतच होईल. त्यांचं काही करावं लागत नाही. टीव्ही मात्र मोठ्यानं लागतो, आणि कोंबडी एकच बरोबर असते.

ता. क. तिसरा : ट्रक रॅन्सम चालवणार. तो म्हणतो, मी फक्त चालक, गाण्याशी माझा संबंध नाही. मास्तरही येतायत, रॅन्समवर लक्ष ठेवायला. मी त्या दोघांच्या मधे बसणार. तुझं ‘हो’ आलं की निघतो.

वन्सं, मी लर्लीन. वरचं सगळं खरं आहे, शेवटचं वाक्य सोडून. मंडळी कालच निघाली, आणि हे पत्र इथं बिस्किटांच्या डब्यामागं राहिलं. तेव्हा तुमच्या हाती पडेल तोवर ती तुमच्या ओसरीवर पोचून जेवलेलीही असतील. घर इतकं शांत आहे की माझा गुडघासुद्धा दुखायचा थांबलाय. बाईंचे दात नीट, सावकाश करून घ्या. घाई अजिबात करू नका.