नदी नसलेला देश

घाटनांदूर

प्रिय अंजू,

तुझा भाऊ परवा मुंबईला निघतोय, तिथून तुझ्याकडं. हे पत्र संजयच्याच हाती देतेय, कारण फोनवर बोलताना वहिनी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं खोलीत येतेच. भिमाबाई लेकाच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरत होत्या, तेव्हा मी तिथंच होते. शहादेवकाका पोराला म्हणत होते, "तिथं एकबी नदी न्हाई म्हणं रे." मला हसू आलं. अख्खा माल्टा आपण दोघींनी अंबाजोगाईला नर्सिंगच्या होस्टेलवर पाठ केला होता.

तिथल्या नोकरीच्या मुलाखतीत देशाबद्दल विचारतात, असं एजंट म्हणाला होता. मग तू विचारायचीस आणि मी सांगायची. माणसं राहतात ती बेटं तीन. सगळा देश आपल्या तालुक्याहून लहान. नदी नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, पिण्याचं पाणी बरंचसं समुद्राचंच गोड करून घेतात. त्यावर तू म्हणाली होतीस, "आपल्याकडं समुद्र असता तर टँकरवाल्यांनी तोबी विकला असता." देश चालतो पर्यटकांवर, जहाजांच्या दुरुस्तीवर, इंटरनेटवरच्या जुगाराच्या कंपन्यांवर. म्हाताऱ्यांना बघायला बाहेरून माणसं आणावी लागतात. जगाला ते लोक दिन्या म्हणतात, म्हणजे आपली दुनियाच, हे कळल्यावर तर तो देश आपल्याला पलीकडच्या शिवारातला वाटायला लागला होता.

पास दोघी झालो. गेलीस तू. निघताना भिमाबाई तुला म्हणाल्या, "जा बाई, मागं बघू नको." आमच्याकडं अमरदादा भरल्या ताटावरून उठला. "अंगदरावांची पोरगी परक्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढणार? निवडणुकीला लोकांपुढं काय तोंड घेऊन जाऊ?" आबा स्वतःचं नाव ऐकूनही जेवत राहिले. आई एकदाच म्हणाली, "जाऊ द्या की तिला." मग तीही ताटं उचलायला लागली. ज्या घरात मी पाणी प्यालेलं दादाला आजही खुपतं, त्या घरातली पोरगी विमानात बसली, आणि आमचं घर मोठं म्हणून मी राहिले.

दिवाळीनंतर आबांना अर्धांगवायूचा झटका आला, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून त्यांचं सगळं मीच करते. कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, भांडं द्यायचं. तू तिथं करतेस तेच काम, अंजू. दादा आल्यागेल्याला कौतुकानं सांगतो, "बहिणीचा लई जीव हाय आबांवर." जीव आहे की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. आता विचारलं तर मलाही नीट सांगता येणार नाही.

तुमच्याकडं पुन्हा जागा निघाली, तू मेट्रनशी माझ्याबद्दल बोललीस, म्हणून गेल्या आठवड्यात मी परत विषय काढला. या वेळी दादा ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "जा. पण आबांचं कोण बघंल, तेवढं सांगून जा." आई गुडघ्यांनी अधू. वहिनी भिंतीकडं बघत बसली. बाई ठेवा म्हटलं, तर म्हणाला, "परकी बाई आबांना हात लावणार?" आबांना सगळं ऐकू येतं. त्यांनी चालत्या हातानं माझा हात धरला तो सोडेनात. थांब म्हणत होते की जा म्हणत होते, कळलं नाही. मी हात सोडवून घेतला आणि चादर बदलली.

लिहायला बसले ती एवढ्यासाठीच. तुझ्या खोलीत माझ्यासाठी म्हणून एक खाट तू अडवून ठेवलीयस, त्यावरून घरमालकिणीशी भांडतेस, असं संजय बोलता बोलता बोलून गेला. ती खाट आता दुसऱ्या मुलीला दे. पुढच्या वर्षी बघू, असं लिहून तुला लटकवून ठेवणं मला जमायचं नाही. जी येईल तिला पहिले काही दिवस सांभाळून घे, नवीन देशात जीव घाबरतो. फक्त तिचं नाव मला कळवू नकोस.

तुझीच,
नंदू