गालावरची खूण

प्रिय बाळा,

तुझं नाव मला माहीत नाही. पायाला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ रेखा’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि तुझ्या आईने मनात ठेवलेलं नाव ती अजून कुणाला सांगत नाही. म्हणून नुसतं बाळा म्हणते. चालेल ना?

तुला जाऊन दोन वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण मंगळवारी तुझी आई हॉस्पिटलमध्ये भेटली. तिला आठवा महिना लागलाय. तपासणीचा नंबर यायला वेळ होता, म्हणून माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मी अजून तिथेच आहे, नातेवाइकांना कागदपत्रं आणि डॉक्टरांची भाषा समजावून सांगण्याच्या कामावर. तिने पर्समधून तुझा फोटो काढला. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला, कडा मऊ पडलेल्या.

“प्रज्ञाताई, ही गालावरची खूण बघा,” ती म्हणाली. “जन्मखूण होती माझ्या पोरीला. याही बाळाला असेल का हो?”

मी म्हटलं, सांगता येत नाही.

“या वेळेस मी अंगावर पाजणार नाही,” ती अगदी शांतपणे म्हणाली. “पावडरचा डबा आणून ठेवलाय. त्या दिवशी ती चांगली होती, फोटोत दिसतंच आहे, नळीसुद्धा काढलेली. मग माझं दूध दिलं आणि सकाळी गेली. माझ्या दुधातच काहीतरी आहे.”

बाळा, ती जन्मखूण नाही. ती चिकटपट्टीची खूण आहे. आणि हे जगात फक्त तिघांना माहीत आहे.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते. खोटं मी तुझ्यावरून बोलले, तर खरंही आधी तुलाच सांगायला हवं.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बाबा फरीदाबादला ट्रॅक्टरचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होते. मी बीए झाले तेव्हा त्यांनी मला कॅमेरा घेऊन दिला, पदवीच्या झग्यातला माझा फोटो काढता यावा म्हणून. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. नऊ दिवसांचा होऊन सरकारी दवाखान्यात गेला. त्याचा फोटो नाही. आई अजूनही भाकऱ्या थापता थापता मधेच थांबते आणि म्हणते, “नाक कुणावर होतं गं त्याचं? मला आठवेनासं झालंय.”

म्हणून नोकरी लागल्यावर मी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, मोठ्या सिस्टरच्या मागे लागले. कितीतरी बायका बाळंत होऊन दुसरीकडेच पडून असतात आणि बाळ इथे काचेच्या पेटीत. त्यांना निदान फोटो तरी नेऊन देऊ द्या. सिस्टर केरळची, लिसी तिचं नाव. महिनाभर तिने ऐकलं नाही. मग एक दिवस म्हणाली, “पाँच मिनट. फ्लैश नहीं. और हाथ कोहनी तक धोना, समझी फोटोवाली?” मी फ्लॅशवर काळी पट्टी चिकटवली, कॅमेरा स्पिरिटने पुसला आणि सुरू झाले. किती अभिमान वाटायचा मला!

तू सोमवारी आलीस. दोन महिने आधीच. मानेसरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये तुझ्या आईचं ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर यायच्या आत तुला गाडीत घालून आमच्याकडे गुडगावला आणलं. तिने तुला पाहिलंच नाही. तुझे बाबा, सुनीलभाऊ, कंपनीच्या निळ्या शर्टातच आले होते, छातीवर नावाची पट्टी तशीच. ते पुसदकडचे निघाले. मी मराठी बोलले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तेव्हाच फोटोचं विचारलं. पण तुझी आजी सोबत होती.

“आमी काही सटवाई-फटवाई मानत नाही बाई,” ती ठणकावून म्हणाली. “ते सगळं सोडलं आमच्या सासऱ्यानंच. पण पाचवी झाल्याबिगर लेकराचा फोटो नको.”

“मानत नाही तर मग कशाला अडवतेस?” सुनीलभाऊ म्हणाले.

“मी नाही मानत. पण सटवाई मानत असली तर?”

मला हसू आलं होतं. मी वाद घालायला हवा होता का? शिकलेली होते ना मी? पण मला वाटलं, चार दिवसांचाच तर प्रश्न आहे.

गुरुवारी दुपारी सुनीलभाऊ एकटेच आले. मानेसरहून शेअर ऑटोने, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली छोटी बाटली घेऊन. तुझ्या आईचं पहिलं दूध. तळाशी जेमतेम, पिवळसर. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, आईला सांगू नका. एक फोटो काढून द्या आजच. रेखा सारखी विचारते, कशी दिसते, कशी दिसते. मला सांगताच येत नाही.”

मी आत येऊन तुझ्याकडे पाहिलं. काविळीचा निळा दिवा तुझ्यावर लावलेला. डोळ्यांवर पट्टी. तोंडात श्वासाची नळी आणि ती धरून ठेवणारी चिकटपट्टी, अर्धा गाल झाकणारी. मला वाटलं, हा फोटो बघून कुठल्या आईला बरं वाटेल?

बाहेर येऊन म्हणाले, “भाऊ, उद्या काढते. उद्या दिवा बंद असेल. पाचवीपण होईल, आजींचाही मान राहील.”

ते “बरं” म्हणाले. माणसं आमच्यासारख्यांना किती पटकन “बरं” म्हणतात!

त्या दुपारी तुझी तब्येत चांगली नव्हती, बाळा. बुधवारी संध्याकाळीच डॉक्टरांनी सुनीलभाऊंना सांगितलं होतं की फुप्फुसात रक्त उतरतंय, आशा थोडी आहे. ते त्यांनी तुझ्या आईला सांगितलंच नाही. दूध तुझ्या पोटात गेलंसुद्धा नाही. सिस्टरने कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेतले आणि तुझ्या ओठांना लावले. “माँ का है, चखने दो,” म्हणाली. तू जीभ हलवलीस. नळीच्या बाजूने, एवढीशी. मी पाहिलं. सुनीलभाऊंनी काचेतून पाहिलं आणि बूथवर धावत जाऊन नर्सिंग होमला फोन लावला, “रेखा, तुझं दूध दिलं तिला!”

शुक्रवारी मी आठ वाजता कामावर आले, तेव्हा तू तासाभरापूर्वी गेली होतीस.

सिस्टरने सगळ्या नळ्या काढल्या होत्या. तुला पुसून पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं, गुलाबी टोपी घातली होती. मला बघून हळूच म्हणाली, “लेना है तो अभी ले लो. माँ ने देखा ही नहीं है.”

मी तुला खिडकीजवळ घेतलं. तुला पहिल्यांदा हातात घेतलं ते तेव्हा. बाहेर नव्या मॉलच्या क्रेन हलत होत्या आणि उजेड फार चांगला होता. हे लिहितानासुद्धा लाज वाटते की मला तेव्हा उजेड दिसला. तीन फोटो काढले. त्यातल्या एकात तुझ्या टोपीवर सिस्टरचा हात आहे.

त्याच सकाळी सुनीलभाऊ तुला घेऊन गेले, त्याच टोपीत. तुझ्या आईला ताप भरला होता, तिला दाखवलं नाही.

चार दिवसांनी मी त्या तीनपैकी एक फोटो घेऊन मानेसरला त्यांच्या खोलीवर गेले. तिने दोन्ही हातांनी घेतला. खूप वेळ बघत राहिली. मग विचारलं, “नळी नव्हती का हो?”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “थोडा वेळ काढली होती. गुरुवारी दुपारी.” सुनीलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तुझ्या आईच्या तोंडावर इतकं हसू आलं की मी पर्समधून पेन काढून फोटोमागे लिहूनही दिलं: ‘गुरुवार, दुपार.’

मला वाटलं, मी तिला तुझी एक चांगली दुपार देतेय. त्या खोट्यामुळेच ती आपल्या दुधाला दोष देऊ लागली, हे मला मंगळवारपर्यंत कळलं नाही.

मंगळवारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली तेव्हा सुनीलभाऊ फाइल घेऊन मागे रेंगाळले. “सांगायचं का तिला?” मी विचारलं.

“तिच्याकडे तेवढंच आहे, ताई,” ते म्हणाले. “रोज रात्री उशाखाली ठेवते. तिला वाटतं जिवंत पोरीचा फोटो आहे.”

लिसी सिस्टरही तेच म्हणाली. “रहने दो. एक ही तो चीज़ है उसके पास.”

तेव्हापासून मी जेवायला बसले तरी तुझा गाल दिसतो. ती खूण चौकोनी आहे, बाळा. जन्मखूण कुठे चौकोनी असते? एवढं साधं तिला दिसत कसं नाही, म्हणून मला तिचा रागसुद्धा आला. मग आठवलं, तिला सांगणारी मीच.

आता मी बाळांचे फोटो पहिल्याच दिवशी काढते, नळ्यांसकट, पट्ट्यांसकट. कुणी म्हणतं, थोडं बरं दिसू दे. मी थांबत नाही. पण त्याने तुझी गुरुवारची दुपार परत येत नाही. तुझे डोळे कसे होते, हे माझ्याकडेही नाही. माझ्या आईला नाक आठवत नाही आणि मी डोळे पाहिलेच नाहीत.

तुझा भाऊ किंवा बहीण दोनेक महिन्यांत येईल. माझ्या एका खोट्यापायी त्याने आईच्या दुधावाचून राहायचं? आणि त्याला डब्याचं पाजताना तिने आयुष्यभर काय समजत राहायचं? फोटो हिरावून घेतल्यासारखं होईल, मला माहीत आहे. ती कदाचित मला दारातूनच परत पाठवेल.

उद्या रविवार आहे. मी मानेसरला जाईन. उरलेले दोन्ही फोटो नेईन, सिस्टरचा हात असलेलासुद्धा, म्हणजे तिला कळेल की तू एकटी नव्हतीस. ती खूण कसली ते सांगेन. तिच्या दुधाचे दोन थेंब तुझ्या ओठांवर होते आणि तू जीभ हलवलीस, हे सांगेन. तिच्याजवळ तुझं जिवंत असं काही असेल तर ते हेच आहे, आणि मी ते दोन वर्षं माझ्याजवळच ठेवलं. तिने पेन धरू दिलं तर फोटोमागचं माझं अक्षर खोडेन आणि खाली लिहीन: ‘शुक्रवार, सकाळ.’ तिला वाटलं तर वर तुझं नाव ती लिहील.

तुझी,
तुला एकदाच हातात घेतलेली,
प्रज्ञा