वाळवून ठेवलेलं वावर

बाबा, तुम्ही सगळं वावर भिजवून ठेवलं होतं, ते आजही आठवलं की तुमचा राग येतो आणि लगेच रडूही येतं.

आपल्या अल्लीपूरच्या विहिरीचं पाणी माझ्या लहानपणी बारा महिने कोमट असायचं. आईचे गुडघे त्या पाण्याच्या शेकावरच चालत. मग आजूबाजूला बोअर झाल्या, विहीर थंड पडली आणि आई सकाळी भिंत धरून उठू लागली. मी जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या सर्व्हेच्या नोकरीला लागले, तेव्हा तुम्ही एकच मागितलंत, "तुह्या मशीननं एकडाव पाह्य माय, ते गरम पानी कुठं गेलं."

साहेबांच्या मागे लागून एका दिवसासाठी टीम आणली. आम्ही तारेचं मोठं वेटोळं जमिनीवर पसरतो, त्यात वीज सोडतो आणि जमीन काय उत्तर देते ते पाहतो. गरम, खारट पाण्यातून वीज सहज जाते. ओल्या काळ्या मातीतूनही जाते, तिथंच सगळं घोडं अडतं. मी गाडीतून उतरले तर चप्पल चिखलात रुतली. तुम्ही खुशीत होतात. "पाव्हने येऊन राह्यले, त्याह्यले फुफाट्याचा तरास नको म्हनून सारं वावर भिजवलं. मशीनले बी पानी सापडाले सोपं जाईन." साहेब हसले. मला हसू येईना. आकडे इथून तिथून सारखेच येत होते.

कारण सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा पाहवेना. "मंग वाळवून देतो," म्हणालात, आणि टीम तार गुंडाळतेय तोवर वखर काढायला निघालातसुद्धा. काळी माती अशी वाळते होय? त्यानंतर दर फोनवर तेच, "वावर वाळलं बरं. कवा येशीन?" टीम दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, माझ्या हातात काय होतं? मी आपली "बघते" म्हणायची. आणि तुम्ही गेलात.

तेरवीनंतर आईबरोबर वावरात गेले. शेजारी हरभरा उभा आणि आपलं वावर उघडं, काळंभोर. "पेरलं तं पानी द्या लागते, म्हने. पोरगी येनार हाय," आई म्हणाली. "कोनाचं ऐकलं नाई."

आता मशीन माझ्याच ताब्यात असतं. आई गॅसवर पाणी तापवते, भरलेला गंज खाली उतरवताना कण्हते. एका दिवसाचं काम आहे, पण माझ्याच्यानं जाववत नाही. वाळलेल्या जमिनीखालीही काही दिसलं नाही तर तिला काय सांगू? हे तुम्हाला पोचणार नाही, तेच बरं आहे बाबा. पोचलं तर तुम्ही पुन्हा विचाराल, कवा येशीन, आणि मी पुन्हा "बघते" म्हणेन.