खांद्यावरची चार बोटं

मंगळवार, संध्याकाळ

…भांडी घासली, अंगण झाडलं, मग ह्यांच्या फोटोची काच पुसली. ह्यांच्या खांद्यावर माझी चार बोटं आहेत. हे गेले तेव्हा दोघांच्या फोटोतून मला कापून फ्रेम केली. बोटं तेवढी राहिली.

वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी स्वतःचा फोटो काढायचाय. आठवडाभर मोबाईल खिडकीत ठेवून काढतेय. लेक म्हणाली, "आये, ह्यो आधार कार्डाचो फोटो. तुझ्या मनात काय आसा तां दिसूक व्हया."

मनातलं कसं काढतात? वाचनालयातल्या फोटोंच्या पुस्तकातल्या बायका तोंडावर फुलं धरतात. मी धरली तर खोटंच दिसेल. सारखी ती बोटंच आठवतायत. मी तिथे पूर्ण उभी होते ना?

बुधवार

शेजारची जागा रिकामी ठेवली. हात तसाच ह्यांच्या खांद्याच्या उंचीवर धरून उभी राहिले आणि फोटो काढला.