उशीजवळचा रेकॉर्डर

प्रिय धाकटोबा,

तुझं पत्र मिळालं आणि त्यातला टोमणाही पोचला. जगाचे रेकॉर्डर तपासणाऱ्या ताईला स्वतःच्या आईचा आवाज पाठवायला महिने लागतात म्हणे! दिव्याखाली अंधार म्हणायचंय ना? म्हण बापडा. तुला हवं होतं आईचं दिवसभराचं बोलणं, तेही तिच्या नकळत. समोर माइक धरला की ती बक्षीस समारंभात भाषणाला उभी राहिल्यासारखी बोलते, हे खरंच आहे. तुझ्या लेकीला आजीचा आवाज ओळखीचा व्हावा, हेही पटलं. फक्त शेवटी लिहिलंस, की रेकॉर्डिंग आलं तर यंदा यायचं पुढे ढकलता येईल. ते वाक्य काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. खिशात मावणारं यंत्र घटकाभर कुणाचंही चालतं, त्यात कौतुक कसलं? खरी परीक्षा दिवसभराची. आम्ही नव्या बॅटऱ्या घालून यंत्रं टेबलावर ओळीने मांडतो, समोर रेडिओ लावतो आणि चालू ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून सगळं ऐकायचं. फाइल मोठी झाली की यंत्र आपोआप पुढची सुरू करतं. त्या सांध्यात एखादा शब्द गिळतं का? बॅटरी संपताना आधीचं सांभाळून ठेवतं, की त्यालाही घेऊन बुडतं? आमचे साहेब म्हणतात, यंत्रावर भरवसा ठेवू नका, आणि ते एकदाही बिघडलं नाही तर मुळीच ठेवू नका. मला हे काम आवडतं. मात्र दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. संध्याकाळी घरी आले की माझा पहिला शब्द खरखरत बाहेर येतो.

त्यातला सगळ्यात खात्रीचा रेकॉर्डर मी सुट्टीच्या दिवशी घरी आणला आणि आईच्या पलंगाशेजारी, औषधांच्या बाटल्यांमागे लपवला. दिवसभर चालला, कुठे खंड नाही. ऐकायला बसले तर माझा आवाज खणखणीत, आईचा औषधालाही नाही! माइकची दिशा चुकली असणार, म्हटलं. पुढच्या सुट्टीला तो थेट तिच्या उशीला टेकवून ठेवला. तेच. दुसरं यंत्र आणलं, मग तिसरं, तेही कंपनीचं सगळ्यात महागडं. तेच. हळू आवाज पकडत नाही, असा शेरा मारून मी तिन्ही यंत्रं नापास केली. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण माझ्या कानांवर त्यांचा विश्वास आहे.

आणि मी शपथेवर सांगितलं असतं रे, की आम्ही दोघी दिवसभर बोलत होतो. चहाबद्दल बोललो, खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावर वाद घातला, तुझ्या केसांवरून हसलोसुद्धा.

शेवटी कामावर करतो तेच केलं. बाकी काही न हलवता एकच गोष्ट बदलायची. आईच्या उशीशी, तिच्या तोंडाच्या जागी, छोटा रेडिओ ठेवला, आवाज अगदी बारीक. रेकॉर्डरने त्यातला शब्द न् शब्द पकडला, निवेदिकेचा श्वाससुद्धा. मग जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा काढली आणि या वेळी यंत्र विसरून नुसती ऐकत बसले. "आई, चहा टाकू? टाकते. साखर कमी ना? हो, माहितीये मला. खिडकी लावू? बरं बाई, राहू दे उघडी. तुझंच खरं!" सगळं मीच. प्रश्न माझा, उत्तर माझं, भांडण माझं आणि माघारही माझी. मधल्या जागेत घड्याळाची टिकटिक आणि आईचा श्वास.

मी कामावर असताना तिच्याजवळ बसणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजींचा काही त्रास नाही हो, गप्प असतात." हे त्या मला रोज सांगत होत्या आणि मी रोज त्यांचे आभार मानत होते.

डॉक्टरांना बोलावलं. तिला ऐकू येतं, माणसं कळतात, बोलणं मात्र गेलंय. आणि ते परत येईलसं त्यांना वाटत नाही. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. गिळलेला एक शब्द शोधून काढण्याचा पगार घेते मी, आणि मला सांगता आलं नाही. त्या दिवशी खूप रडले. आई माझ्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला, पण मी आपली तिच्या वतीने काहीतरी बोलायला गेले आणि मग तोंड मिटून घेतलं.

तर असं आहे. रेकॉर्डिंग येणार नाही. नापास केलेली यंत्रं मी पास करून टाकली. घरात आता खरंच शांतता आहे, कारण मीही तिची उत्तरं द्यायचं सोडलंय. तू ये. यंदाच ये, लेकीला घेऊन ये. आईला ऐकू येतं, तोवर ये. आजवर मी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत आले, आई तुझी खूप आठवण काढते. ती काढते की नाही, मला खरंच ठाऊक नाही रे. ती आठवण मीच काढत होते.

तुझीच,
ताई