निरोप, जसाच्या तसा

१३ सप्टेंबर, शनिवार. अथेन्स, धक्का

बोट फोटोत मोठी दिसत होती! झोपायची खोली म्हणजे एसटीच्या मागची डिकी. ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं. तीनदा आपटलं.

पण ते सोसेन. हे कसं सोसू? भरतेशनं बोटीवर पाय ठेवला आणि मला म्हणाला, "त्याला इचार, बॅगा कुठं ठेवायच्या." धनपाल दीड हातावर उभा. त्यानं ऐकलं. तो मला म्हणाला, "वहिनी, दादांना सांगा, पुढच्या खोलीत." भरतेशनंही ऐकलं. तरी दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी सांगितलं, तेव्हा कुठे बॅग हलली.

माझा नवरा आणि माझा दीर, सख्खे भाऊ. सहा वर्षं बोलणं बंद. धनपाल जर्मनीहून इस्लामपूरच्या घरात पाऊल टाकणार नाही, भरतेश त्याच्या घरी जाणार नाही. आईंनी चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी मंदिरात नियम घेतला – माझी पोरं एकमेकांशी बोलेपर्यंत मीठ बंद. शहात्तर वर्षांची बाई. त्यात बीपीच्या गोळ्या. दोन महिन्यांत रक्तातलं सोडियम घसरून एकशे चोवीसवर आलं, चक्कर येऊन न्हाणीत बसल्या. डॉक्टर सलाईन लावू म्हणाले तर, "त्यात बी मीठच असतंय की!" हात पदराखाली घेतला तो काढलाच नाही.

धनपालनं ही बोट बायको-पोरांसाठी ठरवली होती, पोरांची शाळा आडवी आली. आई म्हणाल्या, दोघांच्याही घरी नको ना, मग पाण्यावर भेटा. तिथनं उठून जाता येत न्हाई.

उठून जाता येत नाही. मलाही!

१४ सप्टेंबर, रविवार. एजिना बेट

बोट धक्क्याला उलटी लावायची असते. पुढून नांगर टाकायचा, मागे मागे यायचं. धनपाल मागे सुकाणूवर, भरतेश पुढे नांगरापाशी. आणि मध्ये मी.

दादांना सांगा साखळी सोडायला. मी ओरडून सांगितलं. त्याला इचार किती. विचारलं. तीस मीटर. सांगितलं. तेवढ्यात वाऱ्यानं बोट आडवी झाली आणि शेजारच्या बोटीला जाऊन घासली. तिथली म्हातारी हातातला टोमॅटो घेऊन उभी राहिली आणि तिच्या भाषेत जे काय बोलली ते कुणी सांगायची गरज नव्हती.

भरतेश पुढून म्हणाला, "सांग त्या शहाण्याला, बोटीचा परवाना मिळतोय, अक्कल मिळत न्हाई."

धनपालचं इंजिन चालू होतं, त्याला नीट ऐकू आलं नसावं. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हे विचारतायत, तुम्हाला कुठं लागलं का?"

कसं आलं तोंडातून देव जाणे. तो गडबडला. मग म्हणाला, "नाही म्हणावं. दादांना लागलं का?"

हे मात्र खरं होतं. जसंच्या तसं पोचवलं. भरतेश बराच वेळ दोर गुंडाळत बसला.

सोळा वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पुस्तक जसं नेलं तसं परत आलं पाहिजे, हा माझा धर्म. निरोप ही तर दुसऱ्याचीच वस्तू. त्यात मी आज हात घातला. पाठशाळेत सत्याणुव्रत, खोटं न बोलण्याचं व्रत, घोकलं होतं, ते कशासाठी?

१५ सप्टेंबर, सोमवार

वारा. एक भाऊ डावीकडे ओकतोय, एक उजवीकडे. दोघांना मधून पाणी नेऊन देणारी मी.

१६ सप्टेंबर, मंगळवार. पोरोस

सकाळी अपेक्षाचा फोन. लेक घरी आजीजवळ आहे म्हणून मी इथे आहे. म्हणाली, आजी आज परवीनकाकूला अपेक्षाच समजून बोलत होती. परवीन आमची शेजारीण, वीस वर्षांची ओळख. डॉक्टर म्हणाले, असं वेगळं बोलायला लागल्या की सलाईन लांबवू नका.

भरतेशला सांगितलं. तोंड उतरलं त्याचं. मग म्हणाला, "मी काय बोलू? त्यानं आधी बोलावं. धाकटा हाय तो." धनपालला सांगितलं. तो म्हणाला, "मला येऊ नको म्हणणारे दादा. आधी ते बोलू देत."

आई तिकडे अळणी भात खातायत आणि हे रांगेत नंबर लावतायत!

ते सहा वर्षांपूर्वीचं आज सगळं आठवलं. टाळत होते, लिहिते. अप्पा, माझे सासरे, सकाळी गेले. धनपाल फ्रँकफर्टच्या विमानतळावर, पहिल्या विमानासाठी उभा. फोन मला केला, मी उद्या पोचतो, थांबाल का? भरतेश ओट्यावर बसला होता. तीन महिने एकट्यानं अप्पांचं सगळं केलेलं, झोप नाही. म्हणाला, "त्याला सांग, खांद्याला चार माणसं मिळाली. पाचवा नको."

मी सांगितलं. शब्द न् शब्द. तेव्हा वाटलं, यात आपण फेरफार करणारे कोण? पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू येत राहिली, मग फोन बंद झाला. तो तिथूनच परत गेला.

भरतेशला त्या रात्रीच पश्चात्ताप झाला असेल. पण बोलला नाही. मी गाळून सांगितलं असतं तर? प्रामाणिकपणा म्हणून केलं, की डोकं चालवायचा कंटाळा म्हणून? 

दुपारी धनपाल शीड आवरत होता. मी जवळ गेले आणि सरळ खोटं बोलले – हे म्हणत होते, अप्पांनी तुमची बोट बघायला पाहिजे होती. तो बादली घेऊन आला. स्वच्छ असलेली फळी पुन्हा धुवायला लागला.

मग भरतेशकडे – भावजी म्हणत होते, नांगराचं काम दादांनी दोन दिवसांत उचललं, मला महिना लागला होता. भरतेश म्हणाला, त्यात काय. पण संध्याकाळी, जेवणं दिवस असतानाच उरकल्यावर, साखळी बघायला दोनदा पुढे जाऊन आला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज अकरा निरोप. खरे चार.

१८ सप्टेंबर, गुरुवार. हायड्रा

या बेटावर गाड्या नाहीत, सामान खेचरं वाहतात. त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटली.

निघताना नांगर दुसऱ्याच्या साखळीत अडकला. धनपाल पुढे वाकून हातानं सोडवायला गेला, साखळीला एकदम ताण आला आणि भरतेश ओरडला, "धन्या, हात काढ!"

काढला. बोटं वाचली.

सहा वर्षांत पहिला शब्द! मी तशीच खाली पळाले, आईंना फोन लावला. म्हटलं बोलले, आता मीठ घ्या. आईंचा आवाज बारीक झालाय, पण डोकं आज जागेवर होतं. "धनूनं काय उत्तर दिलं?" काही नाही, हात काढला. "मग ते बोलणं न्हवं गं. असं बैलाला बी वरडतात."

किती काटेकोर असावं माणसानं! आणि हे मी म्हणतेय.

वर आले तर दोघं पुन्हा पाठ करून उभे. भरतेश मला म्हणाला, त्याला सांग, खरचटलेल्या बोटाला हळद लाव.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

झालं. कसं झालं ते नीट लिहिते.

उघड्या समुद्रात, वारा पडलेला. सकाळी अपेक्षाचा फोन येऊन गेला होता, आजी अंथरुणातून उठलीच नाही, विचारलं तेवढ्याला एखादा शब्द बोलते. दोघांनी ऐकलं होतं.  मग धनपाल सुकाणू धरून मला म्हणाला, "दादांना विचारा, अप्पा शेवटी काय म्हणाले."

माझ्याकडे उत्तर तयार झालंही होतं. गोड, गोल. चार दिवसांत हात बसला होता माझा. पण हे नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. म्हटलं, "मी तेव्हा पाणी आणायला आत गेले होते. मला माहीत नाही. तुम्ही विचारा."

धनपाल समोर बघत राहिला. ओठ दोनदा हलले.

"दादा, अप्पा काय म्हणाले?"

भरतेशनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं.

"तुझंच नाव घेतलं," तो म्हणाला. "धनू निघाला का म्हणाले. मी व्हय म्हणालो."

पुढचं मी ऐकलं नाही. खाली गेले, फोन लावला, वर आणून दोघांच्या मध्ये धरला. आईंनी दोघांना आलटून पालटून बोलायला लावलं, एकमेकांशी, खात्री होईपर्यंत. मग अपेक्षानं पेज भरवली. "लय खारट केलंयस गं," एवढं ऐकू आलं. डॉक्टर दुपारी येऊन सलाईन लावून गेले. हात पुढे केला म्हणे आईंनी.

२० सप्टेंबर, शनिवार. अथेन्स

सकाळपासून दोघांची तोंडं बंद नाहीत. धक्क्यावर बॅगा काढताना हिशोब जुळवायला लागले, तू असं म्हणालास, मी कवा म्हणालो? अप्पांनी बोट बघायला पाहिजे होती? लय ग्वाड हाय, पण माझं न्हवं! पोट धरून हसत होते माझ्यावर. मीही हसले.

मग धनपाल थांबला. म्हणाला, "म्हणजे वहिनी... ते खांद्याचं, चार माणसांचं. ते पण तुमचंच होतं?"

भरतेश बॅगेची चेन लावत होता. लावली, उघडली, लावली. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बोलेल म्हणून.

"हो," मी म्हटलं.

धनपालनं मोठा श्वास सोडला. मग माझ्या पाया पडला. म्हणाला, "जाऊ दे वहिनी. मी माफ केलं."

विमानात भरतेश शेजारीच बसलाय. खिडकीतून बाहेर बघतोय. बाहेर नुसते ढग आहेत.